कार्नोबा वॅक्स उन्हात मुरत नाही

‘वॅक्स लावा आणि गाडी तासभर उन्हात ठेवा, म्हणजे ते रंगात मुरतं’ हा सल्ला नागपुरात वर्षानुवर्षं दिला जातो. तो चुकीचा आहे, आणि मे महिन्यात तर नुकसानीचा.

कार्नोबा म्हणजे ईशान्य ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचं मेण. ते साधारण ८२ ते ८६ अंश सेल्सिअसला वितळतं. नुसतं असेल तर इतकं कडक की पसरतच नाही. म्हणून डबीत त्याच्यासोबत तेलं, इतर मेणं आणि द्रावक असतात. (त्यामुळे ‘१०० टक्के कार्नोबा’ हे शब्दशः घेऊ नका.) लावल्यावर द्रावक उडून जातो आणि मेणाचा पातळ थर मागे राहतो, एवढंच. रंगावर क्लिअरकोट, म्हणजे पारदर्शक थर असतो. मेण त्याच्या आत शिरत नाही, वरच बसतं.

पारा ४५ च्या घरात असताना काळ्या गाडीचं बॉनेट हात ठेववत नाही इतकं तापतं. तिथे द्रावक झटकन उडतो, मेण चिकटून सुकतं, पट्टे उठतात. ते काढायला घासावं लागतं आणि त्या घासण्यातूनच बारीक चरे पडतात.

भल्या सकाळी, सावलीत, थंड पत्र्यावर लावा. एका वेळी एकच भाग, थर अगदी पातळ. जाड थरातलं जास्तीचं मेण शेवटी फडक्यावरच येतं. बोट फिरवल्यावर जागा स्वच्छ निघाली, फरकाटा उमटला नाही, की मायक्रोफायबरच्या मऊ फडक्यानं पुसा. वेळ डबीवर दिलेली असते, पण पावसाळ्यातल्या दमट हवेत ती लांबू शकते. दुसरा हात द्यायचा तर काही तासांनी, आणि तोवर गाडी धुऊ नका.