किलोमीटरला तीन लीटर

जाळं ओढत चाललेला ट्रॉलर एका किलोमीटरला किती डिझेल पितो, हा हिशेब कागदावर दोन ओळींत होतो. इंजिन १२० अश्वशक्तीचं धरू. आपल्या बंदरांत याहून लहान इंजिनं दिसतात, मोठी तर भरपूर दिसतात. ते ७० टक्के ताकदीवर चाललं की तासाला १६-१७ लीटर डिझेल जातं. जाळं पाण्यात असताना बोटीचा वेग असतो ३ नॉटच्या आसपास, म्हणजे ताशी साडेपाच किलोमीटर. भागाकार केला की उत्तर येतं किलोमीटरला ३ लीटर.

आता मुंबईहून उडालेलं ए-३२० निओ हे प्रवासी विमान घ्या. आत १८० माणसं, वेग ताशी ८३० किलोमीटर. उंचीवर स्थिरावल्यावर ते तासाला सव्वादोन ते अडीच टन इंधन जाळतं, म्हणजे साधारण २,९०० लीटर. किलोमीटरला पडतं साडेतीन लीटर.

तुलना अन्यायाची आहे, मान्य. ट्रॉलर काही प्रवासाला निघालेला नसतो, तो समुद्राच्या तळावरून जाळं ओढत असतो. मग जाळं वर घेऊ आणि बोटीला नुसती बंदराकडे येऊ देऊ. ८ नॉटला तेच इंजिन किलोमीटरला सव्वा लीटरच्या आतबाहेर डिझेल घेतं. मालासकट बोटीचं वजन ३० टन धरलं, तर एक टन वजन एक किलोमीटर न्यायला लागले ३५ ते ४० मिलिलीटर. ७० टनांच्या विमानाला याच कामासाठी ५० मिलिलीटर लागतात. बोट जिंकली खरी, पण विमानाच्या पन्नासाव्या हिश्श्याहून कमी वेगानं जाऊन एवढीशीच जिंकली. मोठं कंटेनर जहाज हेच काम बोटीच्या निदान २० पट कमी इंधनात करतं, म्हणजे दोष पाण्याचाही म्हणता येत नाही.

दोष आहे लांबीचा. बोट चालते तेव्हा नाळीपाशी, म्हणजे पुढच्या टोकाशी, एक लाट उठते आणि बोटीबरोबरच पुढे सरकत राहते. वेग वाढेल तशी ही लाट लांब होत जाते. एका वेगाला लाटेची लांबी बोटीच्या लांबीएवढी होते. पुढचा शेंडा नाळीखाली, मागचा शेंडा वरामाशी, म्हणजे बोटीच्या मागच्या टोकाशी. त्याहून जोर लावला की मागचा शेंडा बोटीच्याही मागे जातो, वराम खोलगट भागात बसतो, नाळ वर उचलली जाते, आणि बोट आपणच उठवलेल्या लाटेचा चढ चढू लागते. तो चढ कधी संपत नाही, कारण लाट पुढे पुढे पळतच असते. पाण्यात १४ मीटर लांबी असलेल्या बोटीसाठी हा वेग ९ नॉटच्या जरा वर येतो. २५० मीटरच्या जहाजाला तो ३८ नॉटला येतो, तिथवर ते कधी जातच नाही. विल्यम फ्रूड या इंग्रज अभियंत्यानं १८७० च्या दशकात टॉर्की इथल्या पाण्याच्या टाकीत छोट्या प्रतिकृती ओढून लाटांच्या या विरोधाचा अभ्यास केला. जहाजबांधणीत वेग आणि लांबी यांची सांगड घालणारा त्याच्या नावाचा अंक आजही वापरतात.

विमानाला ही लाट नाही. ते हवेच्या पृष्ठभागावर नसतं, पूर्ण आत असतं. त्याची किंमत वेगळी: हवेत तरंगत राहायलाच ढकल लागते. चांगल्या प्रवासी विमानात पंखांची उचल ही हवेच्या विरोधाच्या १७-१८ पट असते. ७० टनांचं विमान आकाशात ठेवायला सुमारे ४ टनांची ढकल पुरते. गंमत अशी, की हे गुणोत्तर हवेच्या घनतेवर फारसं अवलंबून नसतं. ३५,००० फुटांवर हवा जमिनीलगतच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी विरळ असते. तिथे तेवढ्याच ढकलीत विमान कितीतरी जास्त वेगानं जातं. वेग जवळजवळ फुकट मिळतो, म्हणून ते एवढं वर चढतं. बोटीला अशी विरळ पाण्याची जागा कुठे सापडणार?

गॅब्रिएली आणि फॉन कारमान या दोन विमानतज्ज्ञांनी १९५० मध्ये वेगाची ही किंमत एका आलेखावर मांडली. माणूस, घोडा, आगगाडी, जहाज, विमान अशी सगळी वाहनं त्यात एकाच मापानं मोजली होती: वजन आणि वेग यांच्या गुणाकारानं शक्तीला भागायचं. संथ वाहनांत मालवाहू जहाजं पार पुढे. मासेमारी बोट पाण्यातली असली, तरी जहाजाचा हा वारसा तिच्या वाट्याला येत नाही. ती आखूड, रुंद, आणि लांबीच्या मानानं घाईत असते.

दोन्ही वाहनांत एक गोष्ट मात्र अगदी सारखी आहे. थोडं पाणी जोरात मागे फेकण्यापेक्षा भरपूर पाणी हळू फेकणं स्वस्त पडतं, हवेचंही तेच. ए-३२० च्या जुन्या इंजिनांत गाभ्यातून जाणाऱ्या हवेच्या ५-६ पट हवा बाहेरच्या बाजूनं जायची. निओच्या इंजिनांत ती ११-१२ पट झाली, आणि निओच्या सुमारे १५ टक्के बचतीत याचा मोठा वाटा आहे. ट्रॉलरवर याचा अर्थ बोटीला ढकलणारा पाण्याखालचा पंखा मोठा, सावकाश फिरणारा आणि त्याला जुळणारा गिअर. आपल्याकडे मात्र ट्रकचं इंजिन फेरफार करून बसवतात आणि पंखा मागे जागा असेल तेवढाच लावतात. पंख्याभोवती लोखंडी कडं बसवण्याची युक्ती १९३० च्या दशकापासून माहीत आहे. जाळं ओढताना, म्हणजे कमी वेगात, त्या कड्यानं जोर चांगलाच वाढतो.

पण मासेमारीचा हिशेब किलोमीटरवर थांबवून चालत नाही, तो किलोवर न्यायला हवा. २००० सालच्या आकड्यांवरून केलेल्या एका जागतिक अभ्यासात एक टन मासळीमागे सरासरी ६२० लीटर इंधन जळल्याचं आढळलं. सरासरी फसवी असते. थव्यानं फिरणाऱ्या लहान मासळीला जाळ्यानं घेरलं तर टनाला १०० लीटरही लागत नाहीत. कोळंबी-शेवंडीसारख्या कवचवाल्या जिवांसाठी हाच आकडा ३,००० लीटरच्या आसपास जातो. म्हणजे एक किलो कोळंबीला ३ लीटर, तेही डोक्यासकट. सोललेल्या कोळंबीचा हिशेब केला तर याच्या दुपटीच्या घरात. मुंबई-गोवा विमानात एका प्रवाशाच्या वाट्याला १२ ते १५ लीटर इंधन येतं. चार-पाच किलो कोळंबी आणि एक तिकीट, सारखंच. हे जागतिक आकडे आहेत, प्रत्येक बंदराचा आकडा वेगळा येईल. तरी ‘इथल्या समुद्रातलं, म्हणजे कमी इंधनाचं’ असं कोणी म्हणालं की मी आधी विचारतो, कोणत्या जाळ्यातलं?

कारण जाळं बदललं की सगळंच बदलतं. वर्सोवा, उत्तन, अर्नाळा या भागातली डोल पाहा. शंकूसारखी लांबलचक पिशवी, तोंड भरती-ओहोटीच्या धारेसमोर, बांधलेली तळात रोवलेल्या खुंटांना. पाणी स्वतःच आतून वाहत जातं, बोंबील, जवळा, करंदी मागच्या टोकात साठतात. ट्रॉलर जे काम डिझेल जाळून करतो, ते इथे चंद्र करून देतो. डिझेल लागतं ते फक्त जायला-यायला आणि जाळं उचलायला. डोलीतही बारीक पिल्लं मरतात, ती तक्रार खरी आहे. पण इंधनाच्या परीक्षेत ट्रॉलर तिच्या जवळपासही येत नाही.

बोटीच्या रचनेतूनच इंधन वाचवण्याच्या प्रयत्नाचा एक नमुना गोवा शिपयार्डनं बांधला आहे. कोचीच्या केंद्रीय मात्स्यिकी प्रौद्योगिकी संस्थेनं आखलेली ‘सागर हरिता’ २०१६ मध्ये पाण्यात उतरली. लांबी १९.७५ मीटर, सांगाडा पोलादी, वरची केबिन मात्र फायबरची, वजन वाचवण्यासाठी.

नवी बोट बांधणं प्रत्येक नाखव्याला परवडणार नाही. वेग कमी करणं परवडतं, निदान कागदावर. लागणारी शक्ती ढोबळमानानं वेगाच्या घनात वाढते, म्हणून ९ नॉटऐवजी ७ नॉटनं आल्यास, जास्तीचा वेळ धरूनही, तेवढ्याच अंतराला डिझेल ४० टक्के कमी लागतं. २५ सागरी मैलांवरून परतताना उशीर होतो पाऊण तासाचा. विमानाला ही सवलत नाही, फार हळू झालं तर उलट जास्तच इंधन लागतं. पण तांडेल, म्हणजे बोट चालवणारा म्होरक्या, पाऊण तास थांबत नाही, आणि त्याचं चुकतं असंही नाही. लिलावात आधी लागलेल्या बोटीला भाव मिळतो, मागून आलेलीला उरलेलं गिऱ्हाईक, आणि तोवर बर्फ वितळत असतो. पाऊण तासात भाव किती पडेल हे आधी सांगता येत नाही, वाचणारं डिझेल मात्र २५-३० लीटरच असतं.