पिशवी काढायची, पण कुठल्या वाटेने?

गोव्यात डिचोली-सत्तरीकडे एखाद्या बाईची पिशवी, म्हणजे गर्भाशय, काढायची ठरली की घरात पहिला प्रश्न येतो, पोट फाडून की दुर्बिणीतून? खालून, म्हणजे योनीमार्गे, होईल का, हे क्वचितच कोणी विचारतं. खरं तर सगळ्यांत जुनी वाट तीच.

1813 साली जर्मनीत कॉन्राड लांगेनबेक यांनी ठरवून खालून गर्भाशय काढलं. भूल नव्हतीच. मदतनिसाला गाऊटमुळे जागचं उठवेना, तेव्हा रक्त थांबवायला लांगेनबेक यांनी दोऱ्याचं एक टोक दातांत धरून गाठ मारली. बाई वाचली, पण गर्भाशय खरंच काढलं हे सहकाऱ्यांना पटेना. 26 वर्षांनी ती वारल्यावर शवविच्छेदन झालं, तेव्हा कुठे त्यांनी मानलं.

पोटातली वाट नंतरची. 1842 मध्ये पणजीत एस्कोला मेदिको ही वैद्यकीय शाळा (आजच्या बांबोळीच्या गोमेकॉचं, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजचं, मूळ) सुरू झाली, त्याच्या पुढच्याच वर्षी मँचेस्टरला चार्ल्स क्ले यांनी पोट उघडून गर्भाशय काढलं. रुग्ण दगावली. 1853 मध्ये अमेरिकेत वॉल्टर बर्नहॅम यांनी अंडाशयाची गाठ समजून पोट उघडलं. क्लोरोफॉर्मने बाईला उलटी झाली आणि गाठींनी फुगलेलं गर्भाशयच चिरेतून बाहेर आलं. परत आत जाईना, म्हणून काढावं लागलं. ती मात्र जगली.

पुढे निर्जंतुकीकरण आलं, 1900 मध्ये फानेनश्टील यांचा आडवा छेद आला (सिझेरियनला आजही तोच घेतात) आणि पोटाची वाट रुळली. त्यात सगळं डोळ्यांपुढे असतं, शिकाऊ डॉक्टरांनाही दिसतं. खालून करताना जागा अरुंद, हात एकाचाच. ते कसब मागे पडलं त्याचं हेही एक कारण असावं.

1988 मध्ये हॅरी राइश यांनी दुर्बिणीतून गर्भाशय काढलं, 2005 मध्ये अमेरिकेत स्त्रीरोगाच्या शस्त्रक्रियांसाठी रोबोला (सर्जन चालवतो ते यंत्र) मंजुरी मिळाली. साध्या आजारांत मात्र तुलनात्मक अभ्यासांचा कौल जमेल तिथे खालूनच, असा आहे. ते जमत नसेल तर दुर्बीण. दुर्बिणीने बाई पोटाच्या ऑपरेशनपेक्षा लवकर हिंडूफिरू लागते, पण मूत्राशय-मूत्रवाहिनीला इजा होण्याचा धोका थोडा जास्त. रोबोचा वेगळा ठळक फायदा दिसलेला नाही.

कर्करोगाचं गणित निराळं. गर्भाशयमुखाच्या सुरुवातीच्या कर्करोगावर 2018 मध्ये मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. साडेचार वर्षांनी रोगमुक्त राहिलेल्या बाया दुर्बीण-रोबोच्या गटात 86 टक्के होत्या, पोट उघडलेल्या गटात 96.5. तेव्हापासून त्या आजारात बरेच सर्जन पुन्हा मोठ्या छेदाकडे वळले.