वनरक्षक

वनरक्षक हा राज्य वनविभागाच्या गणवेशधारी श्रेणीतील पायाभूत कर्मचारी होय. त्याच्या ताब्यातील क्षेत्रास नियतक्षेत्र, बोलण्यात बीट, म्हणतात. महाराष्ट्रात त्याच्यावर वनपाल आणि वनपालावर वनपरिक्षेत्र अधिकारी असतो.

पदाची परंपरा कोठून धरावी याबाबत एकमत नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी झाडे तोडण्यावर निर्बंध आढळतात, म्हणून काही लेखक ती शिवकाळापर्यंत नेतात. परंतु हा ग्रंथ सामान्यतः अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातील मानला जातो आणि त्या मजकुराचा रोख तोडीच्या परवानगीवर आहे, राखणदाराच्या नेमणुकीवर नाही. मलबारात जहाजबांधणीच्या सागासाठी १८०६ मध्ये निर्माण झालेले वनसंरक्षकाचे पद १८२३ च्या सुमारास रद्द झाले. १८६४ हे वर्ष अखिल भारतीय वनखात्याच्या स्थापनेचे. मुंबई इलाख्यापुरता प्रारंभ १८४७ च्या सुमारास, दापोडीच्या वनस्पती उद्यानाचे अधीक्षक डॉ. अलेक्झांडर गिब्सन वनसंरक्षक झाले तेव्हापासून, धरणे अधिक सयुक्तिक दिसते.

अवैध तोड आढळल्यास वनरक्षक थुटाचा, म्हणजे तोडलेल्या झाडाच्या उरलेल्या बुंध्याचा, घेर मोजतो, त्यावर हातोड्याची निशाणी उमटवतो आणि पंचांसमक्ष पंचनामा करून प्राथमिक गुन्हा अहवाल लिहितो. विभागात याला पीओआर (प्रिलिमिनरी ऑफेन्स रिपोर्ट) फाडणे म्हणतात. भारतीय वन अधिनियम, १९२७ मधील वनाधिकाऱ्याची व्याख्या व्यापक असून तीत वनरक्षकही येतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ५० ने झडती, जप्ती व अटकेचे अधिकार कोणत्याही वनाधिकाऱ्यास दिले, पोलिसांत मात्र उपनिरीक्षक किंवा त्यावरील दर्जाच्या अधिकाऱ्यासच; म्हणजे या एका बाबतीत वनरक्षकाचा अधिकार पोलीस हवालदाराहून मोठा ठरतो. या कायद्याखाली साक्षीपुरावा नोंदवण्याचे काम मात्र वनरक्षकाकडे नाही. त्यासाठी राज्य शासनाने प्राधिकृत केलेला, किमान सहायक वनसंरक्षक दर्जाचा अधिकारी लागतो, आणि असा पुरावा आरोपीच्या उपस्थितीत नोंदवला असेल तरच पुढील खटल्यात ग्राह्य धरला जातो. न्यायालयही या कायद्याखालील गुन्ह्याची दखल प्राधिकृत अधिकारी अथवा कायद्यात सांगितलेल्या अन्य व्यक्तीच्या तक्रारीवरून घेते. पहिला पंचनामा ढिला राहिला, तर वरच्या अधिकाऱ्याला तो पुढे सावरणे अवघड जाते.

व्याघ्र प्रकल्पांत गस्त प्रामुख्याने पायी चालते. मेळघाटात वनरक्षक व वनमजूर दुर्गम संरक्षण कुटींत मुक्काम करतात; पाणवठ्यांच्या वाटांवरील लोखंडी सापळे, तारेचे फासे आणि शेतकुंपणात सोडलेला वीजप्रवाह शोधणे हा त्यांच्या गस्तीचा मोठा भाग असतो. चाललेला मार्ग एम-स्ट्राइप्स या मोबाइल प्रणालीवर नोंदवला जातो.