सात आणि बारा : फोर्टीनाइनर्सच्या ड्राफ्टमधले दोन हिशेब

अमेरिकन फुटबॉलच्या चाहत्यांच्या तोंडी ‘पिक’ हा शब्द सतत असतो, पण त्याचा अर्थ वाक्यागणिक बदलतो. ‘आपण तीन पिक देऊन टाकले’ असे कोणी म्हणतो तेव्हा त्याला खेळाडू निवडण्याची पाळी, म्हणजे एक हक्क, अभिप्रेत असतो. तोच माणूस पुढच्याच वाक्यात ‘ट्रे लान्स हा आपला सर्वांत वाईट पिक’ असे म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर हाडामांसाचा खेळाडू असतो. सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्स या संघामागे गेली अनेक वर्षे वेड्यासारखा लागलेला प्रेक्षक म्हणून मला असे वाटते की, आमच्या संघाच्या पहिल्या फेरीतल्या निवडींबद्दल आम्ही जे वाद घालतो त्यांतले निम्मे वाद या दोन अर्थांची सरमिसळ झाल्यामुळे होतात.

ज्यांना आयपीएलचा लिलाव ठाऊक आहे त्यांना ड्राफ्ट हा त्याचाच अमेरिकन अवतार वाटण्याची शक्यता आहे, परंतु लिलावात थैली बोलते आणि ड्राफ्टमध्ये पाळी बोलते. दर वर्षी एप्रिलच्या अखेरीस एनएफएल या व्यावसायिक फुटबॉल लीगचे ३२ संघ सात फेऱ्यांमध्ये महाविद्यालयांतून बाहेर पडलेले खेळाडू क्रमाने निवडतात. आदल्या हंगामात जो संघ सर्वांत जास्त हरला त्याची पाळी प्रत्येक फेरीत सर्वांत आधी असते आणि विजेत्याची सर्वांत शेवटी. बोली लागत नाही, पण ही पाळी विकता येते, बदलून घेता येते, एवढेच नव्हे तर पुढच्या वर्षांची अजून न आलेली पाळीही आज देऊन टाकता येते.

मराठीत ‘पिक’ ऱ्हस्व आणि ‘पीक’ दीर्घ असले तरी मला या दोन अर्थांतला फरक समजला तो सातबाऱ्यावरून. गाव नमुना सातवर जमीन कोणाच्या नावावर आहे, तिच्यावर कोणाचा कसला अधिकार किंवा बोजा आहे, हे लिहिलेले असते. गाव नमुना बारावर त्या जमिनीत त्या वर्षी काय पिकले, याची नोंद असते. दोन्ही एकाच कागदावर येतात म्हणून आपण एका दमात ‘सातबारा’ म्हणतो, पण जमीन खरेदी करताना चूक झाली की पेरताना चूक झाली, हे दोन प्रश्न कोणताही शेतकरी एकत्र करत नाही. मी ड्राफ्टसाठी जी वही ठेवली आहे तिच्यात म्हणूनच दोन रकाने आहेत: डावीकडे हक्क, उजवीकडे खेळाडू.

हक्काचे गुण वेगळे आणि खेळाडूचे वेगळे. हक्काचा घोटा मोडत नाही, हक्क रुसत नाही, हक्काला पगार द्यावा लागत नाही. खेळाडूला स्वतःची इच्छा असते, आणि हे ड्राफ्टच्या पहिल्याच दिवसापासून स्पष्ट आहे: १९३६ साली फिलाडेल्फियात झालेल्या पहिल्या ड्राफ्टमध्ये ईगल्सने सर्वांत आधी निवडलेला जे बर्वँगर एनएफएलमध्ये कधी खेळलाच नाही. मधल्या काळात ईगल्सनी त्याच्यावरचा आपला हक्क शिकागो बेअर्सना विकला आणि बेअर्सच्या हातीही तो हक्कच राहिला, खेळाडू आला नाही. शिवाय लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या २०११ च्या करारापासून नव्या खेळाडूचा पहिला पगार बव्हंशी क्रमांकावर ठरतो, त्याच्या गुणांवर नाही. तिसऱ्या क्रमांकावर निवडलेल्या लान्सचा चार वर्षांचा करार सुमारे ३ कोटी ४१ लाख डॉलरचा होता, तर २६२ व्या म्हणजे अगदी शेवटच्या क्रमांकावर निवडलेल्या ब्रॉक पर्डीचा सुमारे ३७ लाखांचा. दोघेही क्वार्टरबॅक (आक्रमणाची सूत्रे हलवणारे, चेंडू फेकणारे खेळाडू), दोघेही त्याच संघाचे, आणि दोघांमध्ये अंतर अवघ्या एका वर्षाचे. पगाराचे आकडे हक्काचे होते, खेळाडूंचे नव्हते.

आता लान्सचेच प्रकरण जरा सविस्तर पाहू, कारण त्यात दोन्ही रकाने भरपूर भरतात. २६ मार्च २०२१ रोजी फोर्टीनाइनर्सनी मायामी डॉल्फिन्सना आपला १२ वा हक्क, २०२२ आणि २०२३ या दोन वर्षांचे पहिल्या फेरीचे हक्क आणि २०२२ च्या तिसऱ्या फेरीतला एक हक्क दिला, आणि त्या बदल्यात क्रमांक ३ मिळवला. निवड व्हायची होती २९ एप्रिलला. म्हणजे जमीन महिनाभर आधी खरेदी झाली आणि तिच्यात काय पेरायचे, हे महिनाभर कोणालाच सांगितले गेले नाही. तो महिना आम्ही चाहत्यांनी मॅक जोन्स, जस्टिन फील्ड्स आणि लान्स या तीन नावांवर भांडण्यात घालवला. २९ तारखेला सायंकाळी मी वही मांडीवर घेऊन टीव्हीसमोर बसलो होतो, डावा रकाना भरून झालेला होता, उजवा कोरा होता, आणि व्हिडिओ कॉलवर माझा सॅन होजेमधला मित्र ‘जोन्स, जोन्सच येणार’ असे छातीठोकपणे सांगत होता. लीगच्या कमिशनरने लान्सचे नाव वाचले तेव्हा मित्र इतका वेळ गप्प राहिला की मला वाटले नेटवर्क गेले.

त्यानंतर घडले ते सर्वांना ठाऊक आहे. लान्स फोर्टीनाइनर्ससाठी आठ सामन्यांत मैदानात उतरला, त्यांतल्या चारांत सुरुवातीपासून. २०२२ च्या हंगामातल्या दुसऱ्याच सामन्यात त्याचा घोटा मोडला, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये चौथ्या फेरीतल्या एका हक्काच्या बदल्यात त्याला डॅलसला पाठवण्यात आले. तेव्हापासून ‘तीन पहिल्या फेऱ्या देऊन आपण लान्स घेतला’ हे वाक्य म्हणीसारखे रूढ झाले आहे. हे वाक्य मला पटत नाही. तीन हक्क देऊन आपण एक हक्क घेतला, आणि मग त्या हक्काने लान्स निवडला. या दोन कृतींची किंमत वेगवेगळी मोजावी लागते.

हक्कांची किंमत मोजायला एक जुना तक्ता आहे, जो १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला डॅलस संघाचे प्रशिक्षक जिमी जॉन्सन यांच्या काळात तयार झाला आणि त्यांच्याच नावाने ओळखला जातो. त्यात पहिल्या क्रमांकाला ३००० गुण, तिसऱ्याला २२००, बाराव्याला १२०० आणि २९ व्याला ६४० गुण आहेत. २९ वा क्रमांक मुद्दाम सांगितला, कारण फोर्टीनाइनर्स २०२१ आणि २०२२ या दोन्ही हंगामांत विजेतेपदाच्या उंबरठ्यावर, एनएफसीच्या, म्हणजे लीगच्या दोन गटांपैकी आमच्या गटाच्या, अंतिम सामन्यापर्यंत पोहोचले आणि त्यामुळे मायामीला दिलेले दोन्ही हक्क २९ वे ठरले. संघ जितका जिंकला तितके त्याचे देणे हलके झाले. १२०० अधिक दोनदा ६४० म्हणजे २४८०, आणि त्यात तिसऱ्या फेरीतल्या हक्काचे शंभरच्या आतबाहेरचे गुण, एवढे दिले आणि मिळाले २२००. डाव्या रकान्यातले नुकसान, मागे वळून पाहता, दुसऱ्या फेरीतल्या एखाद्या हक्काएवढे भरते. सौदा झाला त्या दिवशी मात्र संघ नुकताच सहा सामने जिंकून आणि दहा हरून आलेला होता, आणि पुढची दोन वर्षे इतकी चांगली जातील याची हमी कोणी दिली नव्हती, म्हणून मी त्या सौद्याला धाडसाचा म्हणतो. पण घर विकून जुगार खेळला, अशी जी ओरड होते ती आकड्यांत दिसत नाही. खरी नापिकी उजव्या रकान्यात आहे, आणि तीही पूर्णपणे निवडणाऱ्यांच्या पदरात घालता येत नाही. नॉर्थ डकोटा स्टेट विद्यापीठाकडून २०१९ मध्ये लान्सने गुण मिळवून देणारे २८ टचडाऊन पास फेकले होते आणि एकही चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हाती दिला नव्हता. पण महासाथीमुळे २०२० मध्ये तो फक्त एक सामना खेळला होता. इतक्या कमी नोंदींवर पेरणी करणे ही निवडीची चूक होती, खरेदीची नव्हे.

या सरमिसळीचा सर्वांत ठसठशीत नमुना म्हणजे मायका पार्सन्सबद्दलची हळहळ. मायामीने आमचा १२ वा हक्क फिलाडेल्फियाला दिला, फिलाडेल्फियाने तो डॅलसला दिला, आणि डॅलसने त्यावर पार्सन्स निवडला, जो पुढे लीगमधल्या सर्वांत धोकादायक बचावपटूंपैकी एक ठरला. त्यावरून ‘आपण पार्सन्स गमावला’ असे म्हणणे म्हणजे आपण विकलेल्या जमिनीत तिसऱ्या मालकाने लावलेल्या आंब्याला आपला आंबा म्हणण्यासारखे आहे. आमच्याच ताब्यात तो हक्क राहिला असता तर आमच्या संघाला क्वार्टरबॅक हवा होता, आणि मॅक जोन्स १५ व्या क्रमांकापर्यंत शिल्लक होता. (तोच जोन्स २०२५ मध्ये पर्यायी क्वार्टरबॅक म्हणून आमच्याकडे आला, तेव्हा मित्राने मला मध्यरात्री फोन केला.) २०२३ च्या हक्काची फिरस्ती तर याहून मजेदार आहे. मायामीने तो ब्रॅडली चब या खेळाडूसाठी डेन्व्हरला दिला, डेन्व्हरने तो शॉन पेटन या प्रशिक्षकासाठी न्यू ऑर्लीन्सला दिला, आणि न्यू ऑर्लीन्सने त्यावर ब्रायन ब्रेसी निवडला. एकच हक्क एकदा खेळाडूच्या, एकदा प्रशिक्षकाच्या मोलाचा ठरला आणि मगच त्याचे पीक निघाले.

२०१७ चे चित्र नेमके उलटे आहे. महाव्यवस्थापक जॉन लिंच आणि प्रशिक्षक काइल शॅनाहन यांचा आमच्या संघासाठीचा तो पहिला ड्राफ्ट. शिकागोला क्वार्टरबॅक मिचेल ट्रुबिस्की हवा होता म्हणून त्यांनी तिसऱ्यावरून आमच्या दुसऱ्या क्रमांकावर, म्हणजे फक्त एक पायरी वर, येण्यासाठी आम्हाला ६७ वा, १११ वा आणि पुढच्या वर्षीचा तिसऱ्या फेरीचा हक्क दिला. डाव्या रकान्यात यापेक्षा सुंदर नोंद माझ्या वहीत नाही. तिसऱ्या क्रमांकावर आम्ही निवडला सॉलोमन थॉमस, जो चार हंगामांनंतर निघून गेला, आणि पुढे लीगचा अव्वल क्वार्टरबॅक ठरलेला पॅट्रिक महोम्स दहाव्या क्रमांकापर्यंत मोकळाच होता. त्यावर कडी म्हणजे शिकागोकडून आलेला ६७ वा हक्क आम्ही न्यू ऑर्लीन्सला दिला आणि त्यांनी त्यावर ॲल्विन कमारा घेतला, जो त्याच वर्षी आक्रमणातला सर्वोत्कृष्ट नवोदित ठरला. त्या वर्षीचा आमचा खरा लाभ जॉर्ज किटल आहे, पाचव्या फेरीतला, क्रमांक १४६; त्याचा या सौद्याशी काडीचाही संबंध नाही, तरी सौद्याचे समर्थन करताना त्याचे नाव घेतले जातेच.

२०२० मध्ये तर खेळाडूचा पुन्हा हक्क झाला. आमचा बचावपटू डिफॉरेस्ट बकनर इंडियानापोलिसला देऊन आम्ही १३ वा हक्क घेतला, कारण बकनरला हवा असलेला मोठा पगार देणे संघाला जड जात होते. मग टॅम्पा बेसाठी एक पायरी खाली उतरून १४ व्या क्रमांकावर जव्हॉन किनलॉ निवडला. टॅम्पाने १३ व्यावर ट्रिस्टन वर्फ्स घेतला आणि तो अव्वल दर्जाचा टॅकल (क्वार्टरबॅकचे रक्षण करणारा खेळाडू) झाला. किनलॉला गुडघ्याने छळले. मात्र त्या एका पायरीच्या बदल्यात मिळालेला ११७ वा हक्क मिनेसोटाला दिलेल्या पुडक्यात गेला आणि त्यातून ब्रँडन आयुक हा चेंडू झेलणारा खेळाडू आला, हे किनलॉच्या नावाने बोटे मोडणारे सोयीस्करपणे विसरतात.

२००५ विषयी फार लिहायला नको. दोन सामने जिंकून आणि चौदा हरून मिळालेला पहिला क्रमांक होता, कसलाही सौदा नव्हता, ॲलेक्स स्मिथ निवडला आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातच, बर्कलीत शिकणारा ॲरन रॉजर्स २४ व्या क्रमांकावर ग्रीन बेला गेला. तो प्रश्न निव्वळ बाराचा आहे.

सातचा सर्वांत मोठा तोटा मात्र १९७८ चा, आणि तो कोणालाच दुखत नाही. गुडघे थकलेल्या ओ. जे. सिम्प्सनसाठी फोर्टीनाइनर्सनी बफेलोला पाच हक्क दिले, त्यांत १९७९ ची पहिली फेरीही होती. त्या हंगामात संघ चौदा सामने हरला आणि दिलेला हक्क साक्षात क्रमांक १ निघाला. बफेलोने त्यावर टॉम कझिनो निवडला, तो कॅनडात खेळायला गेला, बफेलोकडे पुन्हा नुसता हक्क उरला. १९८२ मध्ये तो हक्क क्लीव्हलँडला देऊन त्यांनी १९८३ ची पहिली फेरी मिळवली आणि तिच्यावर जिम केली घेतला, ज्याने पुढे बफेलोला सलग चार सुपर बोलपर्यंत, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यापर्यंत, नेले. इकडे आमचे प्रशिक्षक बिल वॉल्श यांनी १९७९ मध्ये तिसऱ्या फेरीत, ८२ व्या क्रमांकावर, पुढे संघाचा सर्वांत थोर क्वार्टरबॅक ठरलेला जो मोन्टाना उचलला आणि दहाव्या फेरीत (तेव्हा फेऱ्या बारा असत) ड्वाइट क्लार्क.

माझ्या वहीत १९७९ च्या ओळीवर डावीकडे ‘क्रमांक १, बफेलोला दिला’ आणि त्याच्यासमोर उजवीकडे ‘मोन्टाना’ असे कित्येक वर्षे लिहिलेले होते. मित्राने ते पाहिले आणि हे एका ओळीत बसत नाही, असे म्हणाला. त्याचे बरोबर होते. मी मोन्टानाचे नाव खोडून खालच्या ओळीत क्रमांक ८२ समोर लिहिले, आणि क्रमांक १ समोरचे उजवे घर तेव्हापासून कोरे आहे.