पार्श्वभूमी : गणितातली कंबर आणि शिंप्याची कंबर

‘एका पुरुषाच्या कंबरेचा घेर ९२ सेंमी व नितंबांचा घेर ९८ सेंमी आहे. गुणोत्तर काढा आणि त्याला धोका आहे का ते सांगा.’ असं उदाहरण मुलांना गणितात घातलं जातं. कंबर भागिले नितंब, हा भागाकार कुणालाही जमेल, उत्तर ०.९४. खरी मेख ‘धोका’ या शब्दात आहे.

चरबी किती यापेक्षा ती कुठे साठते हे महत्त्वाचं, असं १९४७ साली एका फ्रेंच डॉक्टरने मांडलं होतं. त्याला आकड्यांचं बळ मिळालं १९८४ मध्ये. स्वीडनमध्ये १९१३ साली जन्मलेल्या ७९२ पुरुषांवर तेरा वर्षं नजर ठेवली गेली आणि हृदयविकार नुसत्या वजनापेक्षा कंबर-नितंबांच्या या गुणोत्तराशी अधिक जुळला.

मग मर्यादेची ओढाताण : गुणोत्तर कितीच्या पुढे गेलं की धोका? एकाच जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या अहवालात पुरुषांसाठी ०.९० होतं आणि २००० च्या अहवालात १.०. स्त्रियांचा आकडा दोन्हीकडे ०.८५. म्हणजे वरच्या गणितातला माणूस एका अहवालात धोक्यात आणि दुसऱ्यात सुखरूप! तिच्याच २००८ च्या तज्ज्ञ बैठकीच्या अहवालाने ०.९० धरलं. आपल्या २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतही तेच वापरलं, आणि त्यात जवळपास ५७ टक्के स्त्रिया व ४८ टक्के पुरुष मर्यादेपलीकडे निघाले.

पण त्याहून मोठा घोळ मला ‘कंबर’ या शब्दात दिसतो. ‘कंबर दुखते’ म्हणणारा हात नेतो पाठीच्या खालच्या भागाकडे. शिंप्याची कंबर म्हणजे पँट जिथे बसते ती जागा. नितंबांच्या मापाला तो ‘सीट’ म्हणतो. पोट सुटलेल्या गृहस्थांची पँट पोटाखाली बसते, त्यामुळे त्यांची शिंप्याकडची कंबर वर्षानुवर्षं तीच राहते. आरोग्याच्या गणितातली कंबर मात्र शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ यांच्या मधोमध मोजतात. अमेरिकेतल्या एका प्रचलित पद्धतीत टेप त्या काठालगतच धरतात. आपल्या गणितातल्या गृहस्थांनी पँटचं माप सांगितलं आणि ते ८६ निघालं, तर गुणोत्तर होतं ०.८८. धोका गेला, पोट तिथेच. उदाहरणात टेप कुठे धरली हे लिहिलेलंच नसतं, आणि मुलांचे मात्र गुण कापले जातात.

गुणोत्तराची आणखी एक गंमत : कंबर ९०, सीट १०० असलेला माणूस बारीक होऊन ८१ आणि ९० वर आला, तरी उत्तर ०.९० च.

म्हणूनच अलीकडे नितंब सोडून उंचीकडे मोर्चा वळला आहे. कंबर उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी ठेवा, असं ब्रिटनमधल्या मार्गदर्शक सूचना २०२२ पासून सांगतात. उंचीइतकी दोरी दुमडून पोटाभोवती धरली की काम झालं, भागाकारही नको. मात्र १७० सेंमी उंचीच्या, ८८ सेंमी कंबरेच्या माणसाने इथे ८५ ची रेघ ओलांडलेली असते. भारतीय पुरुषांना एरवी सांगितल्या जाणाऱ्या ९० सेंमीच्या मर्यादेत तो अजून आरामात बसतो.