पित्त न उठता कोसळणारा रुग्ण: मास्टोसायटोसिस आणि अ‍ॅनाफिलॅक्सिस

गांधीलमाशी चावली आणि दहा मिनिटांत माणूस कोसळला. रक्तदाब खाली, पण अंगावर पित्त नाही, ओठ-पापण्यांना सूज नाही. मग ‘भोवळ आली’ म्हणून सलाइन लावून घरी पाठवतात. मास्टोसायटोसिसमध्ये, म्हणजे शरीरात मास्ट पेशी प्रमाणाबाहेर साठण्याच्या आजारात, अ‍ॅनाफिलॅक्सिस (अचानक येणारी जीवघेणी अ‍ॅलर्जीसारखी प्रतिक्रिया) अनेकदा असाच येतो. तो निसटतो, कारण हा आजार सुरुवातीपासून त्वचेच्या खात्यात जमा झाला.

१८६९ मध्ये इंग्लंडमध्ये नेटलशिप यांनी तपकिरी डाग मागे ठेवणाऱ्या पित्ताचे वर्णन केले. १८७८ मध्ये त्याला ‘अर्टिकेरिया पिगमेंटोसा’ हे नाव मिळाले. त्याच वर्षी पॉल एर्लिख यांनी अ‍ॅनिलिन रंगांनी दाणेदार पेशी रंगवून दाखवल्या. त्या खाऊन-पिऊन फुगल्या आहेत असे वाटल्याने नाव पडले ‘मास्ट’, म्हणजे जर्मनमध्ये खाऊ घालून पुष्ट करणे. (समज चुकीचा, नाव मात्र टिकले.) १८८७ मध्ये उन्ना यांना याच पेशी त्या डागांत सापडल्या. डाग बोटाने चोळला की काही मिनिटांत फुगतो, तो त्यांच्यामुळेच.

अ‍ॅनाफिलॅक्सिसची वाट वेगळी होती. रिशे आणि पोर्तिये यांनी सागरी प्राण्यांच्या विषाचे कुत्र्यांवर प्रयोग करून १९०२ मध्ये हा शब्द दिला. मास्ट पेशी हे हिस्टामाइनचे (पित्त उठवणाऱ्या, रक्तदाब पाडणाऱ्या रसायनाचे) कोठार आहे, हे रायली आणि वेस्ट यांनी दाखवले तेव्हा १९५० चे दशक उजाडले होते.

हिस्टामाइन रक्तातून झटपट नाहीसे होते, त्यामुळे मागाहून काही सिद्ध करता येईना. ती अडचण ट्रिप्टेजने सोडवली; हे मास्ट पेशींतूनच सुटणारे, पण रक्तात जास्त वेळ टिकणारे विकर. रक्ताचा एक नमुना पहिल्या ४ तासांत घ्यायचा, दुसरा सगळे शांत झाल्यावर किमान २४ तासांनी. दुसऱ्या नमुन्यातल्या मूळ पातळीत तिचे २० टक्के आणि वर २ (नॅनोग्रॅम प्रति मिलि) मिळवायचे: मूळ पातळी १५ असेल, तर झटका मास्ट पेशींचाच होता असे म्हणायला झटक्यावेळची २० किंवा जास्त हवी. पहिलाच नमुना राहिला, तर हा हिशेब मांडताच येत नाही. १९९० च्या दशकात मास्ट पेशी बेसुमार वाढवणारा, केआयटी जनुकातला डी८१६व्ही हा बदल सापडला. मूळ ट्रिप्टेज २० च्या आत आहे म्हणून आजार नाही असे धरू नये. डंखानंतर कोसळलेल्याची केआयटी चाचणी, हा बदल अगदी थोड्या पेशींत असला तरी पकडणाऱ्या पद्धतीनेच करावी.

उपचारात अ‍ॅड्रेनालिनच पहिले, पित्ताची गोळी नव्हे: १:१००० द्रावण, प्रौढांना ०.५ मिलि, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत. उतार नसेल तर ५ मिनिटांनी पुन्हा. रुग्णाला आडवे ठेवून पाय उंच करावेत. एकदम उठवून बसवले, तर हृदयाकडे परतणारे रक्त घटते आणि सावरत आलेला रक्तदाब पुन्हा कोसळतो. गांधीलमाशीच्या विषाची इम्युनोथेरपी (शरीराला सवय लावण्यासाठी त्याच विषाचे ठरावीक डोस देणे) इतरांना ३ ते ५ वर्षे देतात. मास्टोसायटोसिस असेल तर ती आयुष्यभर चालू ठेवायची असते.