गुत्तीचा निळा कोळी आणि लाकडाच्या वखारीतला पत्ता

बल्लारशाच्या लाकूड डेपोत रचलेल्या सागाच्या प्रत्येक लठ्ठ्याच्या कापलेल्या टोकावर हातोड्याचा ठसा आणि आकडे असतात, त्यामुळे तो कोणत्या कूपातून (जंगलातल्या तोडीच्या पट्ट्यातून) आला हे कागदोपत्री सांगता येते. पण लठ्ठ्याच्या ढोलीत बसून आलेल्या जिवाचा पत्ता कोणी लिहून ठेवत नाही. आंध्र प्रदेशातील निळ्या कोळ्याच्या बाबतीत घोटाळा झाला तो याच कारणाने.

ब्रिटिश म्युझियममधील रेजिनाल्ड पोकॉक यांनी १८९९ मध्ये या कोळ्याचे वर्णन करून त्याला 'पोइसिलोथेरिया मेटॅलिका' हे नाव दिले. त्यांच्यापुढचा नमुना गुत्ती येथील रेल्वेच्या लाकूड वखारीत मिळाला होता. त्यानंतर शंभर वर्षे या कोळ्याचा मागमूस लागला नाही. २००१ मध्ये तो पुन्हा आढळला, पण गुत्तीला नव्हे, तर तिथून सुमारे शंभर किलोमीटरवर, नंद्याळ आणि गिद्दलूर यांच्यामधल्या पानझडी जंगलात. पहिला कोळी लाकडाबरोबर आगगाडीने गुत्तीला पोहोचला असावा, हा अभ्यासकांचा तर्क पटण्यासारखा आहे, कारण हा प्राणी उंच, जुन्या झाडांच्या ढोलीत राहतो आणि दिवसा आतच दडून असतो. त्याच्या अंगावरचा झळाळता निळा रंग हा रंगद्रव्याचा नसून केसांच्या अतिसूक्ष्म रचनेवरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशाचा आहे.

चुकीच्या पत्त्याने शोध भरकटल्याचे उदाहरण विदर्भाच्या ओळखीचेही आहे. १८८४ नंतर खात्रीचा एकही नमुना नसलेल्या रानपिंगळ्याचा १९१४ मधला म्हणून दाखवलेला गुजरातचा नमुना ब्रिटिश पक्षी-संग्राहक मेनर्टझॅगन यांनी केलेली बनावट निघाली; पक्षी १९९७ मध्ये शहाद्याजवळ दिसला आणि पुढे मेळघाटातही सापडला.

निळ्या कोळ्याचे तोवर ज्ञात असलेले क्षेत्र शंभर चौरस किलोमीटरहून कमी असल्याने २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने त्याला अतिसंकटग्रस्त ठरवले, आणि हौसेने कोळी पाळणाऱ्यांच्या बाजारात त्याला मोठी मागणी असल्यामुळे २०१९ मध्ये त्याचा संपूर्ण 'पोइसिलोथेरिया' वंश आंतरराष्ट्रीय व्यापार नियंत्रणाच्या 'सायटिस' यादीत आला. व्यापाराइतकाच धोका इमारती लाकडाच्या आणि सरपणाच्या तोडीचा आहे. आपल्याकडच्या डेपोतही पोकळ निघालेला लठ्ठा इमारती मालातून बाद होऊन जळाऊ लाकडाच्या बिटात (ढिगात) जातो. या कोळ्याला घरासाठी नेमके तसलेच झाड लागते.